तंजावरच्या राणीची फिर्याद

२७ जुलै १८५९ रोजी लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने एक निकाल दिला. वादी होती तंजावरची विधवा राणी कामाक्षीबाई. प्रतिवादी मुळात ईस्ट इंडिया कंपनी होती, पण दावा चालू असतानाच सत्तावनचे बंड झाले, कंपनीचा कारभार गुंडाळला गेला आणि तिच्या जागी इंग्लंडच्या राणीचा हिंदुस्थानमंत्री प्रतिवादी म्हणून उभा राहिला. निकाल लॉर्ड किंग्जडाउन यांनी लिहिला. त्यांनी स्पष्ट म्हटले की, समोरच्या कागदपत्रांत कंपनीला तंजावरचे राज्य किंवा राजाची मालमत्ता घेण्याचा कायदेशीर हक्क कुठे दिसतो, हे शोधणे फार अवघड आहे. खुद्द इंग्लंडच्या अॅटर्नी जनरलने ही जप्ती अत्यंत जुलमी आणि असमर्थनीय असल्याचे त्यांच्यासमोर सांगितले होते. आधीपासून राणीचे वकीलपत्र घेतलेले असल्यामुळे सरकारचा हा सर्वोच्च कायदेतज्ज्ञ त्या दिवशी सरकारच्या विरुद्ध बाजूला उभा होता.

इतके सगळे मान्य करून न्यायसमितीने राणीचा दावा फेटाळला. अन्याय झालाही असेल, पण त्यावर इलाज करण्याचा अधिकार कोणत्याही दिवाणी न्यायालयाला नाही, असे त्यांचे म्हणणे.

तह मोडला तर दाद कुठे मागायची, आणि दाद ऐकणाऱ्याचा शब्द सरकारवर बंधनकारक असावा की नाही, हा प्रश्न आज न्यूझीलंडमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांच्या संदर्भात विचारला जातो. आपल्याकडे तो तंजावरच्या मराठी घराण्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी विचारला होता आणि त्याला मिळालेले उत्तर पुढे शंभर वर्षे कायद्याच्या पुस्तकांत राहिले. महाराष्ट्रात सातारा, झाशी, नागपूर खालसा झाल्याचे आपण शाळेपासून ऐकतो. तंजावरचा उल्लेख यादीत शेवटी एका ओळीत येतो. कंपनीला न्यायालयात खेचून पहिल्या फेरीत जिंकलेली ही राणी मात्र आपल्याला ठाऊक नसते.

व्यंकोजीराजे भोसल्यांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, १६७०च्या दशकात तंजावर घेतले. कावेरीच्या मुखाकडचा तो भातशेतीचा सुपीक मुलूख. तमिळ प्रजा, तेलुगू नायकांची दरबारी परंपरा आणि वर मराठी राजघराणे असे ते राज्य पावणेदोनशे वर्षे चालले. अठराव्या शतकात अर्काटच्या नवाबाचा त्यावर डोळा होता, आणि नवाबाच्या मागे इंग्रज सावकारांची कर्जे होती. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या जोरावर नवाबाने तंजावर घेतले, तुळजाजीराजे कैद झाले. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना हे पटले नाही. त्यांच्या हुकमावरून मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजींना गादी परत दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिगट यांना त्यांच्याच कौन्सिलच्या सभासदांनी अटक केली आणि पुढच्या वर्षी ते कैदेतच वारले. तंजावरला न्याय देणाऱ्या गव्हर्नरची ही गत. आपले राज्य कोणत्याही दरबारी निवाड्यावर टिकून नाही, मद्रासच्या कौन्सिलात कोणाचे पारडे जड आहे यावर टिकून आहे, हे तंजावरकरांना त्या दोन वर्षांत कळून चुकले असणार.

१७८७ मध्ये तुळजाजी वारले. मरण्यापूर्वी त्यांनी भोसले कुळातला दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि त्याचा सांभाळ जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्यावर सोपवला. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी दत्तकाला हरकत घेतली. मद्रासचे गव्हर्नर कॅम्पबेल यांनी काय केले? बारा पंडितांना बोलावून शास्त्रार्थ विचारला. मुलगा एकुलता एक होता, त्याचे वय जास्त होते, म्हणून दत्तक अशास्त्रीय, असे पंडितांनी सांगितले. अमरसिंग गादीवर बसले. पुढे श्वार्ट्झ यांनी तक्रार लावून धरली, पुन्हा शास्त्राधार मागवले गेले, आणि या खेपेला दत्तक शास्त्रोक्त ठरला. १७९८ मध्ये अमरसिंग उतरले, सरफोजी बसले.

या प्रकरणात सरफोजींची बाजू खरी होती की अमरसिंगांची, यावर आजही वाद घालता येईल. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. दिसायला हा एक लवाद होता. शास्त्री होते, पुरावे होते, दोन पक्ष होते. पण निर्णय मानायचा की नाही, आणि दहा वर्षांनी तो फिरवायचा की नाही, हे ठरवणारी एकटी कंपनी होती आणि निकालात तिचाच सर्वांत मोठा स्वार्थ होता. अशा लवादाचा शब्द पाहिजे तेव्हा प्रमाण आणि नको तेव्हा केवळ सल्ला.

सरफोजींना गादी मिळाली ती किंमत मोजून. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि दक्षिणेत कंपनीला कोणाची भीती उरली नाही. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी सरफोजींनी तहावर सही केली. राज्याचा सगळा मुलकी आणि न्यायाचा कारभार कंपनीकडे गेला. बदल्यात राजाला दरसाल एक लाख स्टार पगोडा, म्हणजे साडेतीन लाख रुपये, आणि शिवाय मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा होता. तंजावरचा किल्ला राजाकडे राहिला. वसुली कंपनी करणार, खर्च कंपनी वजा करणार आणि उरलेल्याचा पाचवा भाग कंपनीच मोजून देणार. हिशेबावर वाद झाला तर कंपनीच्या रेसिडेंटाकडे जायचे, त्याने ऐकले नाही तर मद्रासला लिहायचे, तिथे जमले नाही तर कलकत्त्याला आणि शेवटी लंडनला. हे सगळे दरवाजे एकाच वाड्याचे होते.

तरीही सरफोजींनी हा तह खरा मानला. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट टोरिन यांना छत्रांबद्दल लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. रामेश्वरच्या वाटेवर त्यांच्या पूर्वजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र तर सरफोजींनी स्वतः उभारले. तिथे येणाऱ्याला जातपात न पाहता जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, बाळंतिणीची सोय होई, पोरक्या मुलांना शिकवले जाई. मुलूख गेला तरी छत्रांचा कारभार आमच्याकडे राहू द्या, अशी त्यांची विनंती होती. हुकूम देणाऱ्या राजघराण्याचा वंशज आता आर्जव करत होता, आणि तेही लोकांना जेवू घालण्याच्या अधिकारासाठी. ते पत्र वाचताना माझ्या पोटात कालवते.

१८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याचा समग्र इतिहास मराठीत कोरून घेतला. देवळाच्या प्राकारात नैऋत्येच्या बाजूला चालत गेले की दगडी फळ्यांवर ओळीमागून ओळ बाळबोध अक्षरे दिसतात. त्याच देवळाच्या जोत्यावर राजराज चोळाचे तमिळ शिलालेख आहेत. राज्यकारभार कागदावर सही करून दिल्यानंतर चार वर्षांनी एक राजा आपल्या घराण्याची हकिकत दगडावर लिहितो, यात मला नुसती हौस दिसत नाही. आपण कोण आहोत याची नोंद कोणाच्या दफ्तरावर अवलंबून राहू नये, अशी ती तजवीज वाटते. सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह, नेत्ररोगांचे उपचार, काशीयात्रा, छापखाना हे सरफोजींचे उद्योग सर्वांना ठाऊक आहेत. १८३२ मध्ये ते वारले आणि त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले.

शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. पुत्र नव्हता. मागे अनेक राण्या आणि दोन मुली होत्या. त्या वेळी कलकत्त्याला गव्हर्नर जनरल डलहौसी होता. सातारा १८४८ मध्ये गेले होते, झाशी आणि नागपूर १८५४ मध्ये गेले होते. तंजावरचे रेसिडेंट फोर्ब्स यांनी मुलीच्या वारसाहक्काचा विचार व्हावा असे सुचवले, पण वर ते मान्य झाले नाही. हिंदू राजाच्या मुलीला गादी मिळावी असा कायदा नाही आणि वहिवाटही नाही, असे संचालकांनी कळवले. ज्या तंजावरच्या गादीवर १७३७ मध्ये सुजानबाई बसल्या होत्या, त्याच तंजावरबद्दल हे लिहिले गेले. त्या विधवा राणी होत्या, कन्या नव्हत्या, हे खरे. पण ताराबाई आणि अहिल्याबाई होऊन गेलेल्या मराठी राजकारणात बाईच्या राज्याला वहिवाट नाही असे ठामपणे सांगायला धाडस लागते.

ऑक्टोबर १८५६ मध्ये फोर्ब्स, आता कमिशनर म्हणून, फौज घेऊन तंजावरच्या राजवाड्यात शिरले. खोल्यांना, कोठारांना, जामदारखान्याला सील ठोकले गेले. दारांवर शिपायांचे पहारे बसले. यात राज्याची म्हणावी अशी मालमत्ता होती आणि राजाची खासगीही होती. दागिने, जमिनी, घरातल्या चीजवस्तू, ग्रंथ, सगळे एकत्र जप्त झाले. काय सरकारी, काय खासगी हे नंतर पाहू आणि जे द्यायचे ते आमच्या मर्जीने देऊ, अशी भूमिका होती.

इथे कामाक्षीबाईंनी जे केले ते त्या काळी फार थोड्यांना सुचले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये चौदा वर्षे झिजले. भाषणे केली, पत्रके काढली, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत ठराव आणवले. ते सगळे राजकारणाचे मार्ग होते, आणि राजकारणात ऐकून घेण्याचे बंधन कोणावर नसते. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. हे कोर्ट कंपनीचे नव्हते. इंग्लंडच्या राजाच्या सनदेने ते स्थापन झाले होते आणि त्याचे न्यायाधीश राजसत्ता नेमत असे. फिर्यादीत राणीने गादी मागितली नाही. मागणी साधी होती: माझ्या नवऱ्याची खासगी मालमत्ता हिंदू कायद्याप्रमाणे माझ्याकडे येते, कंपनीने ती ताब्यात घेतली आहे, तिचा हिशेब द्यावा आणि ती परत करावी.

मद्रासच्या न्यायाधीशांनी राणीच्या बाजूने निकाल दिला. राज्य घेतले असेल, पण खासगी मालमत्तेची कंपनी केवळ विश्वस्त आहे, असे त्यांनी ठरवले. इंग्लंडच्या राजसत्तेने नेमलेल्या, कंपनीच्याच राजधानीतल्या न्यायाधीशांनी त्या काळात असा निकाल द्यावा, ही मोठी गोष्ट होती. कंपनीने अपील केले.

अपिलात कंपनीच्या हाती एक जुने हत्यार होते आणि ते पुण्यातून आले होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा रायगडावर बाजीरावांचा खजिना सांभाळणारे नारोबा गोविंद आउटी यांच्या पुण्यातल्या घरातली संपत्ती कंपनीच्या अधिकाऱ्यांनी उचलली. ती माझी खासगी आहे, असे नारोबांचे म्हणणे होते. त्यांच्यामागे वारसांच्या वतीने दावा चालला, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीचे अधिकारी एल्फिन्स्टन साहेब यांच्याविरुद्ध निकाल दिला, आणि १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो उलटवला. युद्ध पुरते संपलेले नव्हते, युद्धात शत्रूची संपत्ती घेणे हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे आणि त्याची तपासणी दिवाणी न्यायालय करू शकत नाही, असा तो निकाल. कायद्यात याला ‘अॅक्ट ऑफ स्टेट’ म्हणतात.

पुण्यात निदान युद्ध होते. तंजावरात कोणते युद्ध होते? शिवाजीराजांनी कंपनीविरुद्ध एक गोळी झाडली नव्हती. १७९९ पासून ५६ वर्षे या घराण्याने तह पाळला होता. तरीही प्रिव्ही कौन्सिलने तोच नियम लावला. त्यांनी असा तर्क केला की फोर्ब्स कायद्याचा हक्क सांगत गेले नाहीत, फौज घेऊन गेले. म्हणजे कृत्य सार्वभौम सत्तेचे होते. म्हणजे ते न्यायालयाच्या कक्षेबाहेर. या तर्काचा अर्थ नीट लावला तर अंगावर काटा येतो. कंपनीने एखाद्या अर्धवट हक्काचा कागद पुढे करून मालमत्ता घेतली असती, तर न्यायालयाला तो कागद तपासता आला असता. तिने काहीच हक्क न सांगता तलवारीच्या जोरावर घेतली, म्हणून ती तपासणीतून सुटली. जप्ती जितकी उघडी, तितके संरक्षण अधिक.

दुसरी गोष्ट याहून सलते. संस्थान खालसा करताना कंपनी म्हणाली की तंजावरचा राजा आमचा मांडलिक आहे, आमच्या कृपेवर त्याचे राज्य आहे, औरस पुत्र नसेल तर ते आमच्याकडे परत येते. न्यायालयात मात्र तिने सांगितले की तंजावर हे स्वतंत्र राज्य होते, आमचा आणि त्याचा व्यवहार दोन सार्वभौम सत्तांमधला होता, म्हणून न्यायालयाने त्यात पडू नये. राज्य घेताना मांडलिक, जाब विचारला की सार्वभौम. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि डाउनिंग स्ट्रीटवरच्या न्यायमूर्तींना हे कळत नव्हते असे त्यांच्या निकालाच्या भाषेवरून वाटत नाही. त्यांना अन्याय दिसला होता. त्यांनी तो लिहूनही ठेवला. त्यांच्या हाती हुकूम देण्याची सत्ता आहे, असे मात्र त्यांनी मानले नाही.

हीच समिती १९४१ मध्ये न्यूझीलंडच्या माओरींबद्दलही याच वळणाने गेली. १८४० च्या वैतांगी तहाने माओरींना त्यांच्या जमिनींची हमी दिली होती. १८७७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो तह कायद्याच्या दृष्टीने पोकळ ठरवला, आणि १९४१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की तहातले हक्क कायदेमंडळाने कायद्यात आणल्याखेरीज न्यायालयात मागता येत नाहीत. १९७५ मध्ये तिथे वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. १९८५ पासून त्याला थेट १८४० पर्यंतच्या तक्रारी ऐकता येऊ लागल्या. पण बहुतेक बाबतींत ते फक्त शिफारस करते. सरकारी कंपन्यांकडे गेलेल्या काही जमिनी आणि सरकारी वनजमिनी एवढ्याच बाबतीत त्याचा शब्द सरकारवर बंधनकारक होऊ शकतो, आणि तेवढा अधिकारही क्वचित वापरला गेला आहे. त्याच्या अहवालांचा फायदा झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. इतिहास नोंदला गेला, वाटाघाटींना बळ मिळाले. तरी शेवटचा शब्द ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निवडून आलेल्या सरकारला न निवडलेल्या न्यायाधिकरणाने बांधून टाकावे का? आणि तंजावरच्या बाबतीत तर आणखी विचारता येईल, की राजाचा हक्क म्हणजे प्रजेचा हक्क कुठे होता? वसुलाचा पाचवा हिस्सा शेवटी कावेरीकाठच्या कुळांच्या घामातूनच येत होता. हे मला मान्य आहे. राजवाड्याबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. पण सरकार उद्या कोणते धोरण आखील यावर कोणी बंधन मागत नाही. सरकारने स्वतः सही केलेल्या कागदावर, स्वतः ताब्यात घेतलेल्या मालमत्तेवर तिसऱ्या कोणाचा तरी शब्द चालावा, एवढीच मागणी आहे. त्या कागदाचा अर्थ सही करणाऱ्या बलवानानेच लावायचा असेल, तर तह करण्यात अर्थ काय? माझे मत असे, की अशा न्यायाधिकरणाला जमीन, पैसा आणि दिलेले वचन या बाबतींत बंधनकारक अधिकार असलाच पाहिजे. नाही तर ते अन्यायाची नोंदवही होऊन बसते, आणि अन्याय नोंदवण्याचे काम लॉर्ड किंग्जडाउन यांनीही उत्तम केले होते.

राणी हरल्यावर काय झाले ते पाहिले की हा मुद्दा जास्त स्पष्ट होतो. १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता विधवा राण्यांना परत दिली. हक्क म्हणून नव्हे. सरकारच्या मर्जीने, एका सरकारी हुकमाने. ज्येष्ठ राणीने व्यवस्था पाहावी, सर्व राण्यांच्या पश्चात राजकन्येला आणि ती नसेल तर पुढच्या वारसांना ती मिळावी, असे त्या हुकमात होते. म्हणजे जे कामाक्षीबाई न्यायालयात मागत होत्या, त्यातले बरेचसे तीन वर्षांनी मिळाले. मग फरक काय पडला? फरक असा पडला की आता मालकीचे मूळ हिंदू कायद्यात राहिले नाही, ते त्या हुकमाच्या शब्दांत गेले. आणि त्या शब्दांवरून घरातच भांडणे लागली. राण्या एकमेकींविरुद्ध मद्रास हायकोर्टात गेल्या. १८६८ मध्ये जिजाईअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई या दाव्यात न्यायालयाला ठरवावे लागले की एकाच नवऱ्याच्या अनेक विधवा त्याच्या मालमत्तेच्या एकत्र मालकिणी असतात, आणि एक गेली की उरलेल्यांकडे हक्क राहतो. हिंदू कायद्याच्या ग्रंथांत तो निकाल पुढे दाखला म्हणून दिला जाऊ लागला. ज्या कामाक्षीबाईंनी कंपनीशी झुंज घेतली, त्यांचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना सवतींच्या भांडणातून अधिक माहीत झाले, याचे मला वाईट वाटते.

सरस्वती महालातला ग्रंथसंग्रहही याच मालमत्तेचा भाग होता. तंजावरला न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी त्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली, ती १८८० मध्ये छापून निघाली. मराठीचे मोडी कागद मात्र दीर्घकाळ रुमालांत बांधलेलेच राहिले. १९१८ मध्ये हा संग्रह राजघराण्याच्या वारसांकडून सार्वजनिक झाला आणि ती त्या घराण्याने केलेली फार मोठी देणगी आहे. उरलेल्या पॅलेस इस्टेटीवरचे दावे संपले नव्हते. शेवटची राणी गेल्यावर वारस कोण, यावर पुन्हा न्यायालये भरली. १९२४ मध्ये मद्रास हायकोर्टात निकाल झालेल्या दाव्यात कोल्हापूरचे महाराज एक पक्षकार होते. भोसले कुळातले म्हणून त्यांनी तंजावरच्या वारशावर हक्क सांगितला होता. वारसा ठरवण्यासाठी न्यायालयाला आधी प्रश्न पडला की तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, कारण दोघांचे वारसाचे नियम वेगळे. न्यायालयाने शूद्र असा निर्णय दिला. ज्या घराण्याच्या प्रमुखाने रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला, त्याच घराण्याचा वर्ण अडीचशे वर्षांनी मद्रासच्या कोर्टात इस्टेटीच्या वाटणीसाठी ठरवला गेला. १८५९ मध्ये खासगी मालमत्ता राणीची आहे एवढे एक वाक्य बंधनकारक म्हणून लिहिले गेले असते, तर यातले निदान काही दावे उभे राहिले नसते.

इंग्रज गेले, पण कामाक्षीबाईंचा खटला गेला नाही. १९४७-४८ मध्ये शेकडो संस्थाने विलीनीकरणाच्या करारांनी भारतात आली. त्या करारांतून उठणाऱ्या वादांत न्यायालयांना हात घालता येणार नाही, असे घटनेच्या ३६३ व्या कलमाने ठरवले. संस्थानिकांनी देशाला वेठीला धरू नये म्हणून हे केले, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच जोडीला ‘अॅक्ट ऑफ स्टेट’चा सिद्धांतही आपल्या न्यायालयांनी चालू ठेवला, आणि त्याचा फटका राजांपेक्षा इतरांना बसला. १९६४ मध्ये गुजरातमधल्या संत संस्थानातल्या जंगलहक्कांचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विलीनीकरणाच्या थोडे आधी राजाने ठराव करून जहागीरदारांना जंगलाचे हक्क दिले होते, त्यांच्याकडून ठेकेदारांनी तोडीचे ठेके घेतले होते. नव्या सरकारने ते मान्य केले नाहीत. सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की नव्या सार्वभौम सत्तेने मान्य केल्याखेरीज जुने हक्क न्यायालयात चालणार नाहीत. त्या साऱ्या युक्तिवादात तंजावरच्या राणीचा १८५९ चा खटला पायाभूत दाखला म्हणून होता. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी विरोधी मत दिले. परकीय साम्राज्याने जिंकलेल्या प्रजेसाठी केलेला नियम घटना स्वीकारलेल्या प्रजासत्ताकाने आपल्याच नागरिकांना का लावावा, हा प्रश्न त्यानंतर मिटलेला नाही.

संस्थानिकांना सरकारकडून मिळणाऱ्या तनख्यांच्या बाबतीत मात्र न्यायालय एकदा वेगळे वागले. १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या हुकमाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३६३ व्या कलमाची भिंत समोर असतानाही अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १५ डिसेंबर १९७० रोजी बहुमताने तो हुकूम रद्द केला. सरकारने घटनेतच दिलेले वचन एका सहीने मोडता येत नाही, असे त्यांनी धरले. या खेपेला निकाल सरकारवर बंधनकारक होता. सरकारला तनखे बंद करायचे होते, तर संसदेत जाऊन, उघड चर्चा करून, दोन-तृतीयांश बहुमताने घटना बदलावी लागली. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही गेली. तनखे जाणे योग्यच होते, असे मला वाटते. ते ज्या रीतीने गेले, ती रीत १८५६ मध्ये तंजावरच्या वाट्याला आली नव्हती. ३६३ वे कलम मात्र त्या दुरुस्तीने काढले नाही. ते आजही घटनेत आहे, आणि संस्थानांशी झालेल्या करारांवरचे वाद आजही त्याच्यापाशी येऊन थांबतात.